थोरली माय

थोरली माय म्हणजे माझी मोठी चुलती. घराचा कारभार तिच्याच हाती. 1972 च्या दुष्काळात गाव खडी फोडायला गेलं, तीही गेली. घरात लाल मिलोच्या भाकरी. आम्ही पोरं रडायचो, पण राख मिसळून ठेवलेला बियाण्याचा जोंधळा तिनं दळू दिला नाही. चुलते चिडले तर म्हणाली, "आज बी खाल्लं तर उद्या रानात काय माती पेरता?"

पुढच्या साली पाऊस झाला. अर्धी आळी आमच्या दारात. पायलीला पायली, या बोलीवर तिनं बी दिलं. सवाई घेतली नाही.

घशाच्या कॅन्सरनं ती गेली. शेवटी पाणीही उतरेना. आवाज बसलेला, तरी मृग लागला की खुणेनं विचारायची, पेरलं का?

आता बियाणं दुकानातून पिशवीत येतं. तिची कणगी रिकामीच आहे. पण मोडायला घरात कुणी धजत नाही.