समुद्राच्या पोटातले रान

मेलबर्न शहर मागे टाकून ईशान्येकडे शंभरेक किलोमीटर गेले की एक लहानसे गाव लागते. गावाचे नाव ‘ये’. मराठी प्रवाशाला याहून अगत्याचे आमंत्रण कोणते असणार! वास्तविक हे नाव क्रिमियाच्या युद्धात पडलेल्या कर्नल लेसी ये या इंग्रज अधिकाऱ्याचे. त्याच्या कितीतरी आधीपासून ही भूमी टाउंगुरुंग लोकांची. भोवताली गवताळ टेकड्या, निलगिरीची झाडे, संथ चरणारी गुरे. समुद्राचा येथे मागमूसही नाही. पण या आडगावाचे नाव शास्त्रज्ञांच्या तोंडी ज्यामुळे आले, ती वस्तू मात्र समुद्रानेच जपून ठेवलेली आहे.

गावाबाहेरच्या लाइमस्टोन रोडच्या कडेला मातकट रंगाच्या खडकाचे थर उघडे पडले आहेत. पाहणाऱ्याची प्रथम निराशाच व्हावी असे ते ठिकाण! पण या थरांतल्या दगडांवर एका झुडपाची आकृती उमटलेली सापडते. मधोमध जाड दांडा आणि त्याच्या चहूबाजूंनी चार सेंटीमीटरपर्यंत लांब, अरुंद पाने. बाटली धुण्याचा ब्रश असावा तशी. याचे नाव बॅरॅग्वनाथिया. नावात ‘नाथ’ असला तरी आपल्या नवनाथांशी त्याचा काही संबंध नाही बरे का! विल्यम बॅरॅग्वनाथ हे व्हिक्टोरिया राज्याच्या भूगर्भ खात्याचे संचालक होते. त्यांच्यावरून हे नाव पडले. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेल्या वाचकांना लायकोपोडियम आठवत असेल. त्याच कुळातला हा पुराणपुरुष, वयाने सुमारे ४२ कोटी वर्षांचा. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, हे ध्यानात घेतले म्हणजे या वयाची थोडी कल्पना येते.

आता प्रश्न असा, की जमिनीवरचे झुडूप समुद्राच्या खडकात गेले कसे? त्या काळी येथे खोल समुद्र होता. पुराच्या पाण्याने किनाऱ्यावरची झुडपे उपटून समुद्रात लोटली, ती तरंगत दूर गेली आणि अखेर तळाच्या गाळात रुतली. गाळाचा दगड झाला, आणि पुढे भूगर्भातल्या उलथापालथीत तो दगड वर आला.

त्याच गाळात आणखी एक जीव सापडतो. तो म्हणजे ग्रॅप्टोलाइट. समुद्रात वसाहती करून राहणारे हे चिमुकले प्राणी केव्हाच नामशेष झाले. दगडावर पेन्सिलीने रेघ ओढावी तसे त्यांचे ठसे दिसतात; कित्येकांना तर करवतीसारखे दातेही असतात. त्यांच्या जाती भराभर बदलत गेल्या. त्यामुळे कोणती जात सापडली यावरून थराचे वय सांगता येते. झुडपाच्या जन्मतारखेचा दाखला द्यायला असा समुद्रातला साक्षीदार उभा राहिला!

हा दाखला प्रथम वाचला तो मेलबर्न विद्यापीठातल्या इझाबेल कुकसन या बाईंनी आणि मँचेस्टरचे प्राध्यापक विल्यम लँग यांनी. १९३५ साली दोघांनी जाहीर केले, की पाने फुटलेली आणि खोडातून पाणी वाहून नेणारी ही वनस्पती सिल्युरियन काळातली आहे. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे इतक्या लवकर इतकी सुधारलेली वनस्पती असणे शक्यच नव्हते. १९३७ साली लँग यांनी इंग्लंडमध्ये सापडलेल्या एका प्राचीन वनस्पतीला बाईंच्या सन्मानार्थ कुकसोनिया हे नाव दिले. ती बिचारी काही सेंटीमीटरांची, बिनपानांची, नुसत्या दुबेळक्यांची!

१९६०च्या दशकात मात्र साक्षीदाराचीच उलटतपासणी झाली. त्यांनी आधार घेतलेला ग्रॅप्टोलाइट निराळ्या, नंतरच्या जातीचा ठरला आणि झुडपाचे वय कोटीभर वर्षांनी कमी झाले. १९७३ मध्ये कुकसनबाई वारल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत ‘ये’ येथल्या खालच्या, अधिक जुन्या थरांत बॅरॅग्वनाथिया सापडला, आणि या खेपेला सोबतचे ग्रॅप्टोलाइट निःसंशय सिल्युरियन काळातले होते! १९८४ साली तसा लेखही प्रसिद्ध झाला. सर्वांचेच एकदम समाधान झाले असे नाही. पण बाईंच्या म्हणण्याला भक्कम आधार मिळाला, एवढे खरे. २००७ साली ऑस्ट्रेलियाने या जागेला राष्ट्रीय वारशाचा मान दिला.

अशा झुडपांनी उघड्या खडकावर मुळे रोवली, त्यांच्या कुजण्यातून माती झाली, आणि मातीवर पुढची सगळी सृष्टी उभी राहिली. जमिनीवरच कुजून गेलेल्या त्यांच्या असंख्य भावंडांचा आज पत्ता नाही. जी पुरात वाहून समुद्राला मिळाली, तीच तेवढी आपल्याला भेटायला राहिली.