इंगलबरोच्या पोटात आणि पाठीवर

वाचकहो, गुहा म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे अजिंठा-वेरूळ येणार. पण ती माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली लेणी. आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा, तो पाण्याला सहजी दाद देत नाही. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायर परगण्यात मात्र चुनखडीचे डोंगर आहेत. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कर्बवायू घेऊन किंचित आंबट होते आणि हा दगड विरघळवत आत शिरते. वाहता ओढा एकाएकी जमिनीत गडप होतो आणि मैलभर खाली पुन्हा बाहेर पडतो.

लीड्सला राहणाऱ्या मित्रांबरोबर फेब्रुवारीतले दोन दिवस मी तिथे काढले. आम्ही चौघे होतो, दोघे मराठी आणि दोघे तिथले. त्यातला एक शाळामास्तर आमचा वाटाड्या. लीड्सहून आगगाडीने क्लॅपहॅम स्टेशनावर उतरायचे, गाव तिथून मैलभर पायी. वर इंगलबरो डोंगर, सुमारे २३७० फूट. आपल्या कळसूबाईच्या निम्म्यालाही भरत नाही, पण बर्फ पडले की त्याला हसू नये.

शनिवारी थंडी कडक होती, ओढे गोठलेले. म्हणजे गुहेला चांगला दिवस. पाणी गोठून बसले की आत कमी येते. आत जाण्याआधी दोन गोष्टी करायच्या. जमीन कुणा शेतकऱ्याची असते, त्याच्या दारात जाऊन विचारायचे. दुसरी म्हणजे बाहेर कुणाला तरी सांगून ठेवायचे, "अमुक वाजेपर्यंत परतलो नाही तर माणसे बोलवा." आपल्याकडे विहिरीत उतरणाराही वर एक माणूस ठेवतो, तसेच हे.

लोकरी कपडे, गमबूट, डोक्यावर शिरस्त्राण आणि त्यावर दिवा. आत शिरलो आणि नवल वाटले, कारण बाहेरच्यापेक्षा आत ऊब! बारा महिने आतली हवा आठ-नऊ अंशांवर असते. कुठे उभे चालायचे, कुठे रांगायचे, कुठे पोटावर सरपटत जायचे. दिवे विझवून पाच मिनिटे बसलो. अमावास्येच्या रात्री शेतातही इतका काळोख नसतो. फक्त थेंबांचा आवाज.

रविवारी दुसऱ्या, अधिक खोल गुहेत जायचे ठरले होते. पण रात्री नैर्ऋत्येचा वारा सुटला आणि पहाटे वळचणीवरून पाणी ठिबकू लागले. वाटाड्याने ते ऐकले आणि बेत मोडला. आमचा एक मित्र चांगलाच हिरमुसला, "पाऊस तर नाही ना?" म्हणाला. त्यावर मास्तरांनी मॉसडेलची हकिगत सांगितली. २४ जून १९६७ रोजी जवळच्याच दुसऱ्या खोऱ्यात मॉसडेल गुहेत काही तरुण उतरले, वर पाऊस झाला, ओढा फुगून आत शिरला आणि सहा जण आतच बुडाले. गुहेला धरण नाही, सांडवा नाही. वितळणारे बर्फही पावसाइतकेच पाणी सोडते. त्यांचे देह आजही त्या गुहेतच आहेत. मग कुणी काही बोलले नाही. आम्ही डोंगर धरला.

वाटेत पाहण्यासारख्या त्या दगडी भिंती. चुना नाही, माती नाही, दोन बाजूंनी दगड रचून मध्ये बारीक खडी भरलेली, छातीइतक्या उंच, मैलोन् मैल डोंगरावर चढत गेलेल्या. बर्फाचे ढीग भिंतीच्या आडोशाला साचतात आणि तिथेच आसऱ्याला आलेल्या मेंढ्या गाडल्या जातात. शेतकरी लांब काठी खुपसत, कुत्र्याला हुंगायला लावत त्यांना शोधतो. आतल्या मेंढ्या काही दिवस जिवंत राहू शकतात. आणखी एक गंमत ऐका. वरच्या मोकळ्या कुरणाला कुंपण नसले तरी प्रत्येक कळप आपापल्या हद्दीत चरतो. कोकरू हे आईच्या मागे फिरून शिकते. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ-खुरकतीची साथ आली, लाखो जनावरे मारावी लागली, तेव्हा डोंगरी शेतकऱ्यांची मोठी धास्ती हीच होती की कळप गेला तर नव्या मेंढ्यांना ही हद्द शिकवणार कोण? मला तर ही चिंता नुकसानभरपाईच्या रकमेपेक्षा मोठी वाटली.

चुनखडीच्या उघड्या फरशीवरून जपून चालावे लागते. फरशीत खोल भेगा असतात, बर्फ त्या झाकून टाकते आणि पाय गेला की हाड मोडलेच. पुढे गेपिंग गिल. इथे ओढा सरळ तीनशेवीस फूट खाली कोसळतो. १८९५ साली मार्टेल नावाचा फ्रेंच गृहस्थ दोराच्या शिडीने प्रथम तळाला पोचला. आम्ही दूर उभे राहिलो. सकाळी बर्फाखाली मुकाट असलेला तो ओढा दुपारी गढूळ होऊन गर्जत होता. हिरमुसलेला मित्र बराच वेळ तिथून हलला नाही.

खाली क्लॅपहॅम गावात गुहेत अडकलेल्यांना सोडवणाऱ्या स्वयंसेवकांचे पथक आहे, १९३५ पासूनचे. पगार नाही, हाक आली की हातातले काम टाकून निघायचे. माणसांइतक्याच तत्परतेने ते कपारीत पडलेली मेंढरे नि कुत्रीही काढतात. संध्याकाळी त्यांच्या दारावरून गेलो तेव्हा आत कुणी तरी ओले दोर वाळत घालत होते.