बोटीवरचा नाच

मला बोट लागते. ही गोष्ट पहिल्याप्रथम सांगून टाकलेली बरी. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला, शाळा खाडीकाठची. आणि तरीही जयगडहून फेरीबोटीनं तवसाळला जायचं झालं तर खिशात आवळासुपारी घेतल्याशिवाय मी पाय उचलत नाही. माझ्या एका कादंबरीचा नायक तांडेल आहे. त्या पुस्तकातली सारी वादळं मी घरच्या ओटीवर बसून लिहिली. वाचकांनी ती गोड मानून घेतली, हा त्यांचा मोठेपणा.

तेव्हा, रात्रीच्या वेळी सिडनीच्या बंदरात चार तास बोटीवर राहायचं, तिथंच जेवायचं आणि जेवून नाचायचं, असा बेत भाचीनं जाहीर केला तेव्हा माझ्या पोटात कालवाकालव झाली. ती नुसत्या समुद्राच्या भीतीनं झाली असं मात्र नाही.

सिडनीला ताई राहते. लग्न होऊन तिकडे गेली त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. भावोजी गेले त्यालाही आता बरेच दिवस झाले. २०२३ च्या उन्हाळी सुट्टीत तिनं मला तिकीट पाठवलं, आणि दहावीनंतर चित्रकलेची पदविका घेऊन ज्यानं जन्मभर मुलांकडून फुलदाण्या काढून घेतल्या असा हा मास्तर आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला. तिकडे मे महिना म्हणजे थंडीची सुरुवात. संध्याकाळी पाचाला सूर्य मावळून मोकळा होतो. वैशाख सोडून निघालेल्या माणसाला स्वेटर घालून फिरताना आपण काहीतरी लबाडी करतो आहोत असं वाटत राहतं.

"मामा, आईला यातलं काही बोलू नकोस हं. तिचा वाढदिवस आहे," भाची म्हणाली. "आणि ती तिथं नाचणार आहे. दोन वर्षं क्लासला जाते. तुला सांगायला लाजते."

ताई नाचणार! मी हातातला कप खाली ठेवला.

किंग स्ट्रीट धक्क्यावरून आमची बोट सुटली तेव्हा काळोख पडून तासभर झाला होता. डार्लिंग हार्बरची चिंचोळी वाट सोडून बोट उजवीकडे वळू लागली. या वळणावरच्या भागाला बारंगारू म्हणतात. पूर्वी तिथं मालाचे धक्के होते, आता उंच इमारती आहेत. बारंगारू हे एका बाईचं नाव. इंग्रज १७८८ साली इथं उतरले तेव्हा या पाण्यावर कोळ्याचं काम बायका करीत. झाडाच्या सालीची होडी, शंखशिंपल्याचा गळ, आणि होडीतच ओल्या मातीच्या थरावर पेटवलेला विस्तव. मासा धरायचा, तिथंच भाजायचा. या बायका वल्हवताना गात, असं त्या वेळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. आमच्या हर्णैच्या बाजारात टोपलीमागं बसलेल्या कोळणी मला आठवल्या. त्यांतल्या एखादीच्या नावानं मुंबईत एवढा मोठा विभाग कुणी वसवील असं मला वाटत नाही. अर्थात इथंही बायका गेल्या, होड्या गेल्या आणि मग नाव आलं, हेही खरंच.

मग पूल आला. चित्रात पाहिलेल्या वस्तू प्रत्यक्षात लहान निघतात असा माझा अनुभव आहे. हा पूल मोठा निघाला. दोन्ही काठांवरून लोखंडाचे दोन बाहू बांधीत आणले, आणि १९३० च्या ऑगस्टमध्ये ते मधोमध, अधांतरी एकमेकांना भेटले. मग त्या कमानीला खाली रस्ता टांगला आणि १९३२ साली पूल खुला झाला. कमानीचा पल्ला ५०३ मीटर. आमची बोट खालून जाताना डोक्यावरून एक आगगाडी गेली. पोटात धडधडलं ते गाडीमुळं, असं मी मनाची समजूत घातली.

पूल ओलांडला की उजव्या हाताला ऑपेरा हाऊस. मेच्या अखेरीस तिथं 'विव्हिड' नावाचा दिव्यांचा उत्सव असतो, आणि त्या शुभ्र पाकळ्यांवर रात्रभर रंग खेळवतात. मला ते रंग मुळीच आवडले नाहीत. ज्या फरशांवर चांदणं पडावं त्यांच्यावर जांभळा रंग कशाला? पण त्या इमारतीची गोष्ट मी वर्गात मुलांना नेहमी सांगतो. योर्न उट्झन या डॅनिश माणसाचा आराखडा १९५७ साली निवडला गेला. पुढं सरकारशी बिनसलं, आणि १९६६ साली तो काम अर्धवट टाकून निघून गेला. इमारत १९७३ साली पुरी झाली. त्यानंतर तो पस्तीस वर्षं जगला, पण ती पाहायला म्हणून एकदाही आला नाही. मुलं विचारतात, "सर, एकदाही नाही?" मी म्हणतो, "नाही." त्यापुढं काय सांगावं ते मला कधीच सुचलेलं नाही.

इतक्यात जेवण मांडलं. कोलंबी, भात, भाजलेली कोंबडी हे ओळखीचं होतं. पण एक पदार्थ पाहून मी चकित झालो. हुबेहूब आपली करंजी! काठाला मुरडसुद्धा तशीच. आत मात्र सारणाऐवजी खिमा. एम्पानाडा म्हणतात तिला. पाठोपाठ सोऱ्यातून पाडलेल्या पण वळायच्या राहून गेलेल्या चकल्या आल्या, साखरेत घोळलेल्या. त्यांना चुरो म्हणतात. मे महिन्यात दिवाळी झाली. आवळासुपारी खिशातच राहिली.

आणि मग वाद्यं सुरू झाली. कोंगा म्हणून उंच ढोल, त्याची बोंगो ही जोडीतली धाकटी भावंडं, एक खरवडायचा भोपळा, एक तुतारीवाला. एका बाईच्या हातात टणक लाकडाच्या दोन वीतभर कांड्या होत्या. एवढ्या गोंगाटात त्या कांड्यांना कोण विचारतो असं मला वाटलं, पण चिलीचे एक वृद्ध गृहस्थ शेजारी बसले होते, त्यांनी कानात सांगितलं, "तिच्याकडे लक्ष द्या. सगळे तिचं ऐकतात." त्या कांड्यांना क्लावे म्हणतात. आधी तीन ठोके, मग दोन. असे पाच ठोके फिरून फिरून. हवानाच्या गोदीत जहाजं बांधताना ज्या लाकडी खुंट्या ठोकत, त्यांतूनच हे वाद्य निघालं असं सांगतात. ढोल मात्र आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचे. मग क्युबाची माणसं न्यूयॉर्कला गेली, पोर्तो रिकोची गेली, आणि १९६०-७० च्या सुमारास त्या साऱ्या मिश्रणाला सालसा म्हणू लागले. सालसा म्हणजे चटणी. नाव अगदी चपखल आहे. कोणत्या मुलखातलं काय पडलंय ते वेगळं काढता येत नाही.

हे गृहस्थ बस चालवून निवृत्त झालेले. १९७३ साली चिलीत लष्करानं सत्ता घेतली, त्यानंतर देश सोडून इकडे आलेल्यांपैकी ते एक. बोलता बोलता त्यांनी कोटाची बटणं लावली, उठले, आणि मोठ्या अदबीनं ताईपुढं हात केला.

त्रेपन्न वर्षांची माझी बहीण उठली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

वाचकहो, मला त्या क्षणी शरम वाटली. मी कादंबऱ्या लिहितो, त्यांत बायकांना बंडही करायला लावतो. तरी परक्या माणसाचा हात तिच्या पाठीवर पाहून माझी नजर ताटात गेली. पण कान कसे मिटणार? तुतारी वाजत होती, आणि ती मला ओळखीची वाटत होती. हळूहळू उलगडलं. 'अलबेला'! १९५१ च्या त्या चित्रपटात चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, हाच मालमसाला आणला होता. चिक चॉकलेट हा गोव्याचा तुतारीवाला आपल्या ताफ्यासकट पडद्यावर आला होता, झालरीच्या बाह्यांचे लॅटिन सदरे घालून. आणि त्यांच्यापुढं नाचणारा आपला भगवान! गिरणी कामगाराचा मुलगा. गुडघे जरासे वाकवून, जागच्या जागी, इतकं सोपं की कुणालाही वाटावं, हे तर मलाही येईल.

माझ्या बाबांना येत होतं. लालबागच्या गिरणीत ते साचा चालवीत. १९८२ चा संप झाला, गिरणी सुटली, आणि आम्ही गावी परत आलो. गावाच्या गणपतीत बाबा जाखडीच्या फेरात शिरत, आणि मध्येच भगवानची पावलं टाकीत. बघणारे हसून लोळत. संपानंतर बाबांच्या तोंडावर आनंद दिसे तो वर्षातून तेवढे पाच दिवस.

ताई दहावीत होती तेव्हा शाळेच्या संमेलनात तिनं कोळीनृत्यात भाग घेतला, घरी न सांगता. आईचं हिरवं लुगडं तिनं दप्तरातून नेलं होतं. मी दहा वर्षांचा. मला कुणी विचारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं, लालूच दाखवली नव्हती. मी आपण होऊन धावत घरी गेलो आणि बाबांना सांगितलं. बाबा तसेच उठून शाळेत गेले, आणि नाच चालू असताना तिला हाताला धरून मंचावरून खाली आणलं. ती त्यानंतर नाचली नाही. बाबा मात्र पुढच्या गणपतीत नाचले.

इथवर मी त्या ताटात पाहत बसलो होतो. वर पाहिलं तेव्हा ताई गिरकी घेत होती. चिलीचे गृहस्थ तिच्यापुढं नुसते खांबासारखे उभे होते, फक्त एक बोट वर धरून, आणि ती त्या बोटाभोवती फिरत होती. तिची मान ताठ होती. तिला नाच येत होता. थोडाथोडका नव्हे, चांगला येत होता.

बोट बंदराच्या तोंडाशी आली. तिथं उत्तर आणि दक्षिण अशी दोन टेकाडं आहेत, आणि त्यांच्यामधून महासागराची फुगवण सरळ आत येते. व्हायचं ते झालं. मी कठड्याशी धावलो. थोड्या वेळानं पाठीवर हात आला.

"आवळासुपारी कुठाय तुझी?" ताई म्हणाली.

तिच्या हातून ती घेऊन मी तोंडात टाकली, आणि मग मळमळीतच बोलून गेलो. "ताई, त्या वेळी बाबांना मी सांगितलं होतं."

"माहीत आहे."

"कसं?"

"त्या रात्री माझं लुगडं तू घडी करून ठेवलं होतंस. वेडीवाकडी. दहा वर्षांचा मुलगा कुणी न सांगता लुगड्याची घडी घालतो का रे?"

आतून तुतारी ऐकू येत होती. मग उरलेलंही सांगितलं. २०२१ च्या एप्रिलात, आजारी पडण्यापूर्वी आठवडाभर, बाबा माझ्या मोबाइलवर 'अलबेला' बघत होते. बोटांनी खाटेवर ठेका धरला होता. मध्येच म्हणाले, "पोरगी बरी नाचत होती रे. मी उगीच." पुढं बोलले नाहीत. मेच्या पहिल्या आठवड्यात ते गेले. त्या पंधरवड्यात इथल्या सरकारनं हिंदुस्थानातून येणारी विमानं बंद ठेवली होती, आणि ऑस्ट्रेलियन नागरिकाला देशाबाहेर पडायला तर मार्च २०२० पासूनच परवानगी काढावी लागत होती. ताईनं बाबांचं शेवटचं दर्शन फोनच्या काचेतून घेतलं.

"एप्रिलात म्हणाले?" ताईनं विचारलं.

"हो."

"एप्रिलात फोन चालू होते."

"होते," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. बोट वळली, फुगवण पाठीमागं पडली. दूरवर ऑपेरा हाऊस हिरवं झालं, मग तांबडं झालं. ताई कठडा धरून उभी राहिली, नंतर आत गेली. माझ्याच्यानं तिच्यामागं जाववेना. ते वाक्य बाबांनी माझ्यापाशी ठेव म्हणून ठेवलं होतं, आणि स्वतःची चुगली उघडी पडू नये म्हणून मी ते दोन वर्षं दडपून ठेवलं. याला दुसरं नाव नाही.

पुलाचे दिवे पुन्हा डोक्यावर आले तेव्हा दार उघडलं. ताईच उभी होती. डोळे धुतलेले दिसत होते.

"शेवटचं गाणं आहे," ती म्हणाली. "चल."

"मला येत नाही."

"एक, दोन, तीन, आणि चारला थांबायचं. डावा पाय पुढं. वर्गात मुलांना ओरडतोस ना, तसं स्वतःला ओरड."

मी गेलो. एक, दोन, तीन झाले. चारला थांबायचं राहून गेलं, आणि गुडघे आपोआप जरासे वाकले. चिलीच्या गृहस्थांनी टाळी दिली.

ताई हसली नाही. "हे बाबांचं आहे," ती म्हणाली. "हळू कर. मला बघू दे."