न विचारता काढलेला फोटो

आमचा धंदा लग्नाचे फोटो काढण्याचा. वरवंडला पुणे-सोलापूर रस्त्यालगत आम्हा दोघा भावांचे छोटेसे दुकान आहे. निकाह असो की लग्न, यवतपासून दौंडपर्यंत आमचा कॅमेरा फिरतो. या धंद्यात अब्बांनी आम्हाला एक धडा दिला होता. मांडवात मोकळे फिरा, पण जनान्याच्या पडद्याशी आलात की थांबा. आतून हाक आली तर जा. नाही आली तर तो फोटो आपला नव्हे. माणसांच्या बाबतीत हा धडा आम्ही कधी विसरलो नाही. विसरलो तो लांडग्यांच्या बाबतीत.

जनावरांचे वेड आम्हाला लावले नैरोबीच्या पाहुण्यांनी. कोकणात दिलेल्या आमच्या खालाच्या सासरची काही माणसे पिढ्यानपिढ्या तिकडे आहेत. एका ईदला त्यांनी सफारीत काढलेले बबून माकडांचे फोटो आणले. एक मादी दुसरीच्या अंगावरचे केस निवडते आहे, तिसरी पिल्लाला पोटाशी धरून शेजारी बसली आहे. अम्मी म्हणाली, "ये तो अपनी दोपहर की बैठक है!" आम्ही हसलो, पण ती चुकली नव्हती. केनियातल्या अंबोसेली भागात १९७१ पासून बबूनांच्या टोळ्या पाहिल्या जात आहेत, एकेका प्राण्याची ओळख ठेवून. ज्या माद्यांचा इतरांशी घरोबा अधिक, त्यांची पिल्ले अधिक जगतात, असे तिथल्या अभ्यासकांनी २००३ साली दाखवून दिले.

आफ्रिका आम्हाला परवडणारी नव्हती. माळ मात्र दाराशी होता. वरवंड म्हटले की लोकांना ऊस आणि व्हिक्टोरिया तलाव आठवतो. पण कालव्याचे पाणी जिथे पोहोचत नाही तिथून दक्षिणेला, सुप्याच्या बाजूला, कुसळी गवताचा माळ लागतो. सुप्याजवळ चिंकारांसाठी १९९७ साली घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. लांडग्यांना अशी हद्द कुठली कळायला? ते गायरानातून, पडीक शेतांतून, मेंढरांच्या वाड्यांजवळून फिरतात.

२०१८ च्या हिवाळ्यात एका धनगर आबांनी आम्हाला बीळ दाखवले, तेही लांबून. फजर झाली की आम्ही निघायचो आणि टेकाडाआड पडून राहायचो. पहिले काही दिवस मादी बिळाजवळून हलतच नव्हती. आमच्याकडे बाळंतीण चाळीस दिवस घरात असते, तशीच. नर शिकार करून यायचा. पिल्ले बाहेर येऊ लागली तशी ती त्याच्या तोंडाला चाटून भंडावून सोडायची आणि तो पोटातले मांस त्यांच्यापुढे ओकून टाकायचा. आधीच्या वर्षीचे एक पोर घरातच राहिले होते. आईबाप गेले की ते राखण करी. पिल्ले त्याचे कान ओढत, शेपटी चावत. ते मुकाट सोसून घेई. थोरल्या भावाचे हे काम आमच्यातल्या थोरल्याला फार ओळखीचे वाटले.

पाच पिल्ले होती. लांबून फोटो धूसर येत. एका सकाळी आईबाप गेलेले पाहून आम्ही पुढे सरकलो, अगदी बिळाच्या तोंडाशी. राखणीचे पोर बाजूला पळाले. पाचही तोंडे कॅमेऱ्याकडे वळलेली. असा फोटो आयुष्यात एकदाच मिळतो. त्याच रात्री तो व्हॉट्सअॅपवर टाकला. वाहवा झाली. कुणी विचारले, कुठे? आम्ही फुशारकीत सांगून टाकले.

त्या रविवारी माळावर चार गाड्या उभ्या होत्या. माणसे बिळाभोवती फिरत होती, कुणी कोंबडीचे तुकडे टाकत होते. दुसऱ्या पहाटे आम्ही टेकाडावर पोहोचलो तेव्हा मादी एक पिल्लू तोंडात धरून निघाली होती. बीळ रिकामे झाले.

आबा आमच्यावर ओरडले नाहीत. त्या कळपाने त्यांची दोन कोकरे नेली होती, पंचनाम्यासाठी त्यांचे हेलपाटे चालले होते. तरी ते एवढेच म्हणाले, "भाई, म्या तुमाला घर दावलं. तुमी बाजार भरविला."

महिनाभराने दोन ओढे पलीकडे ते कुटुंब पुन्हा दिसले. पिल्ले तीनच होती. दोन आमच्यामुळे गेली असे सिद्ध करता येणार नाही. आमच्यामुळे नाही, असेही आम्हाला म्हणता येत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने देशभरात लांडगे सुमारे ३,१०० असल्याचा अंदाज केला. म्हणजे वाघांहून जास्त नव्हेत. वाघाला राखीव जंगले तरी आहेत. लांडग्याच्या वाट्याला आलेला माळ सरकारदरबारी बहुधा 'पडीक' असतो. २०२४ मध्ये वन विभागाने इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली. ठरलेली वाट, सोबत वाटाड्या. ते चांगलेच झाले. माणसे येणारच, निदान पडदा कुठे आहे ते सांगणारा कुणी तरी हवा.

आम्ही अजूनही माळावर जातो, पण टेकाडाच्या अलीकडेच थांबतो. तो पाच तोंडांचा फोटो दुकानात लावलेला नाही. लावला आहे तो एक धूसर फोटो: धूळ, गवत आणि पाठमोरे चार लांडगे. गिऱ्हाइके विचारतात, तोंडे का दिसत नाहीत?

दर हिवाळ्यात आबा दुकानात येतात, चहा घेतात आणि विचारतात, "औंदा आले का?" आम्ही म्हणतो, "आलेत." कुठे, ते आबा विचारत नाहीत आणि आम्ही सांगत नाही.