करंजाडेतील एक ‘जनता’ आणि तिचे मूळ यंत्र

हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूत मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले, आणि त्यांपैकी हाताने चावी देण्याचे ‘जनता’ हे घड्याळ पुढील काही दशकांत लग्नाचा आहेर म्हणून, पहिल्या पगारातून घेतलेली वस्तू म्हणून वा निवृत्तीची भेट म्हणून महाराष्ट्रातील असंख्य घरांत पोचले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस ही उपकंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. आज अशा घड्याळाची दुरुस्ती मुख्यतः जुन्या साठ्यातून उरलेल्या सुट्या भागांवर, आणि तेही न मिळाल्यास त्याच जातीचे दुसरे घड्याळ मोडून काढलेल्या भागांवर अवलंबून असते.

प्रस्तुत लेखकाच्या घरातील ‘जनता’ हे वडिलांचे घड्याळ असून ते दीर्घकाळ लोखंडी कपाटात बंद होते. घड्याळ उघडण्याचे काम पनवेलला लागून सिडकोने वसवलेल्या करंजाडे येथील घरात झाले, आणि या कामाला ही जागा फारशी अनुकूल नव्हती. पावसाळ्यातील दमट हवा चावीच्या दांडीभोवतीच्या फटीतून आत शिरून पोलादी भागांना गंज चढवते, तर उरलेल्या महिन्यांत सभोवार चाललेल्या बांधकामांची धूळ मोकळ्या यंत्रावर बसते. म्हणून खिडक्या लावून, पंखा बंद ठेवून आणि सुटा झालेला प्रत्येक भाग काचेच्या झाकणाखाली ठेवून काम करावे लागले. एप्रिलच्या उकाड्यात असे बसणे हे छंदाचे लक्षण मानावे की हट्टाचे, हा प्रश्न घरातील मंडळींनी विचारला होता आणि तो रास्तच होता.

या घड्याळातील १७ ज्वेलचे यंत्र ०२३१ या कॅलिबरचे आहे. कॅलिबर म्हणजे यंत्राचा ठरावीक नमुना, आणि ज्वेल म्हणजे चाकांच्या आसांची टोके ज्यांत फिरतात ते कृत्रिम माणकाचे खडे, जे घर्षण व झीज कमी करतात. चावी दिल्यावर डबीतील मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते, तिची शक्ती चाकांच्या मालिकेतून एस्केप चाकापर्यंत येते, आणि तेथे पॅलेट नावाचा छोटा काटा ती शक्ती थांबवत-सोडत बॅलन्स चाकाला देतो, तर केसाइतकी बारीक हेअरस्प्रिंग त्या चाकाला तासाला १८,००० वेळा, म्हणजे सेकंदाला पाच वेळा, मागेपुढे झुलवते. दिवसाला हे ४,३२,००० ठोके होतात. त्यामुळे वाळून चिकट झालेले तेल, जे एरवी क्षुल्लक वाटले असते, ते घड्याळ थांबवायला पुरेसे ठरते.

या घड्याळात नेमके तेच झाले होते. शिवाय चावीची दांडी गंजली होती, पूर्वीच्या कोणा कारागिराने चुकीचा पेचकस लावल्याने दोन स्क्रूंच्या खाचा फाटल्या होत्या, आणि हेअरस्प्रिंगचे वेढे चुंबकत्वामुळे एकमेकांना चिकटत होते. या शेवटच्या दोषाने घड्याळ बंद पडत नाही, उलट ते भरधाव पुढे धावते. त्यावर चुंबकत्व घालवण्याच्या साध्या उपकरणाखेरीज अन्य उपाय लागला नाही. सर्वांत नाजूक काम डायलवर नोंदलेल्या ‘पॅराशॉक’चे होते: धक्का बसल्यास बॅलन्सची आस मोडू नये म्हणून तिच्या टोकावरील ज्वेल एका इवल्या स्प्रिंगने धरलेले असते, आणि ती स्प्रिंग चिमट्यातून निसटली तर फरशीवर सापडणे दुरापास्तच.

मुख्य स्प्रिंग आणि दांडी बदलावी लागली. दांडी मुंबईच्या चोरबाजारातून आणलेल्या, त्याच कॅलिबरच्या मोडक्या यंत्रातून मिळाली. अशा वेळी यंत्र मूळचे राहते काय, असा आक्षेप घेतला जातो. पण स्प्रिंग, दांडी, तेल हे झिजणारेच भाग असून पाया-पट्टी, चाके धरणारे पूल, चाके आणि बॅलन्स कायम असतील तर यंत्र मूळचेच मानावे, हे मत येथे ग्राह्य धरले आहे. याउलट, संग्राहक ज्यांना कुचेष्टेने ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात त्या घड्याळांत जुन्या यंत्रावर झगझगीत रंगांचे नवे डायल चढवून ती अस्सल म्हणून विकली जातात. तेथे चालते ते जुने यंत्र, पण दिसते ते कोणत्याही कारखान्याने कधी न काढलेले घड्याळ.

त्यामुळे या ‘जनता’चे डायल पुन्हा रंगवलेले नाही. कडेला पिवळसर झालेला भाग आणि देवनागरीतील नावावरचा पुसटपणा तसाच ठेवला. घड्याळाची केसही पॉलिश केलेली नाही, कारण पॉलिशमध्ये धातू घासला जाऊन कडा कायमच्या गोल होतात. ठोके ऐकून वेग मोजणाऱ्या टाइमग्राफर या उपकरणावर घड्याळ आता दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत चूक दाखवते. ८६,४०० सेकंदांच्या दिवसात ही चूक २,८८० व्या भागाएवढीही नाही, आणि जुन्या यंत्राकडून याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

ज्या वाचकांच्या घरात असे घड्याळ पडून असेल त्यांनी ते दुरुस्तीला देताना डायल रंगवू नये असे कारागिराला आधीच सांगावे, आणि बदललेले जुने भाग लहान डबीत घालून परत मागून घ्यावेत.