महाळुंगे आणि धातूंचा संधि

चाकणचा संग्रामदुर्ग १६६० सालीं फिरंगोजी नरसाळे यांनीं शाइस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढविला, हें वाचकांस ठाऊक आहेच. तेथून तळेगांवच्या सडकेनें पश्चिमेस निघालें कीं थोड्याच अंतरावर महाळुंगे लागतें. पूर्वीचें हें शेतकऱ्यांचें खेडें. आज येथें मोटारसायकलींचा प्रचंड कारखाना आहे आणि आसपास लहानमोठ्या कर्मशाळांची दाटी झाली आहे. देहू व आळंदी हीं क्षेत्रें येथून दूर नाहींत. परंतु यात्रेकरू सहसा इकडे वळत नाहीं. त्यानें एकदां अवश्य वळावें.

या टापूंतील कर्मशाळांचें सारें काम पोलाद कापण्यावर चालतें. कापणाऱ्या हत्याराचा दांडा साध्या पोलादाचा, टोंक मात्र टंगस्टन कार्बाइडचें. कांहीं हत्यारांत हें टोंक डाक देऊन बसवितात. कारागीर टाकणखारासारखें द्रावक लावतो, मध्यें चांदीमिश्रित पत्रा ठेवतो आणि ज्योतीनें तापवितो. सोनाराचें काम पाहिलेल्या गृहिणीस यांत नवल वाटणार नाहीं. खरी अडचण निवतांना येते. कार्बाइड पोलादाच्या सुमारें निम्मेंच प्रसरण पावतें. निवतांना पोलाद अधिक आक्रसतें आणि टोंकास तडा जातो. म्हणून मोठ्या टोंकांसाठीं चांदीच्या दोन थरांमध्यें तांब्याचा थर घालतात. मऊ तांबें ती ओढाताण स्वतः सोसतें.

'वृक्ष' आणि 'छाया' यांचा संधि होतांना मध्यें चकार येतो. वैयाकरण अशा आगमास मित्राची उपमा देतात. कारण तो कोणासही हुसकून लावीत नाहीं. तांब्याचा थर हा असाच आगम होय.

हाच प्रश्न सूर्यांतील अणुसंमीलन पृथ्वीवर घडवूं पाहणाऱ्यांपुढें उभा आहे. दक्षिण फ्रान्समध्यें 'इटर' नांवाची भट्टी उभारली जात आहे. भारत तींत २००५ सालीं सामील झाला. तिच्या सुमारें ३० मीटर उंचीच्या बाह्य निर्वातपात्राचे भाग गुजरातेंत हजिरा येथें घडले. तेथें सर्वांत अधिक तापणारे टंगस्टनचे ठोकळे तांब्याच्या मिश्रधातूच्या नळीवर बसवितात, आणि मध्यें शुद्ध तांब्याचा मऊ थर असतो. पुढील भट्ट्यांत टंगस्टन पोलादाशींही जोडावें लागेल. टंगस्टन ३४२२ अंशांवर वितळतें, पोलाद सुमारें १५०० वर. आणि दोन्ही थेट जोडल्यास सांध्यांत ठिसूळ संयुगें बनतात. म्हणून संशोधक व्हॅनेडियम, तांबें अशा मध्यस्थांची परीक्षा घेत आहेत. सांधा उकलला तर ठोकळ्याची उष्णता निघून जाण्याची वाट तुटते, आणि भिंतच धोक्यांत येते.

आपल्या सुशिक्षित घरांत पुस्तकी विद्येस मान आहे, हातकामास तितका नाहीं. मुलांना सुटींत लेणीं-किल्ले दाखवावेच. पण एखाद्या कर्मशाळेच्या दारांतही क्षणभर उभें करावें. उद्यांच्या दिव्याची ज्योत जितकी गणितावर, तितकीच अशा सांध्यावर अवलंबून राहणार आहे.