छत्तीस गुण आणि ९९.८ टक्के

शनिवारची रात्र. महाळुंग्यातला आमचा तिघींचा फ्लॅट, मॅगी, आणि लॅपटॉपवर ‘ब्लॅक मिरर’चा २०१७ मधला एपिसोड, ‘हँग द डीजे’. त्यात एक सिस्टिम लोकांच्या जोड्या लावते आणि प्रत्येक जोडीची एक्स्पायरी डेटही सांगते. एमी आणि फ्रँकला मिळतात फक्त बारा तास. मग फ्रँकला निकोलाबरोबर अख्खं वर्ष काढायला लागतं. दोघांना एकमेकांचं तोंडही बघवत नाही!

रूममेट्स एमी-फ्रँकवर सॉलिड फिदा. मी मात्र निकोलाकडेच बघत बसले. कारण आईने आणलेलं स्थळ. छत्तीसपैकी एकोणतीस गुण, हिंजवडीत नोकरी, बाणेरला फ्लॅट. चारदा भेटलो आणि चारही वेळा मी घड्याळ बघितलं. बहुतेक त्यानेही.

(एपिसोड बघायचा असेल तर पुढच्या चार ओळी गाळा!) शेवटी कळतं, ते सगळं सिम्युलेशन होतं. हजारपैकी ९९८ वेळा एमी-फ्रँक सिस्टिम झुगारून पळतात, म्हणून मॅच ९९.८ टक्के. म्हणजे बॉस, मार्क आवडीनिवडी जुळण्याला नव्हतेच. बंडाला होते.

रविवारी आईला फोन केला.

‘‘काय कमी आहे गं त्याच्यात?’’

‘‘काहीच नाही. पण त्याच्यासाठी मी कुणाशी भांडले नसते.’’

पलीकडे शांतता. मग म्हणाली, ‘‘तुझ्या बाबांचे नि माझे अकराच जुळले होते. आजी दोन दिवस जेवली नव्हती.’’

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं! म्हटलं, ‘‘आई, फोन ठेवू नकोस. पहिल्यापासून सांग.’’